काळात हरवलेलं विमान: पहिली विज्ञानकथा लिहिणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

काळात हरवलेल्या विमानाची गोष्ट लिहायला बसलेले बहुतेक नवे लेखक वादळापासून सुरुवात करतात. काळे ढग, वीज, एक जोराचा धक्का आणि विमान थेट शंभर वर्षं मागे. पुढची दहा पानं प्रवाशांची घाबरगुंडी आणि शेवटी परतीसाठी आणखी एक वादळ. वाचक मात्र तिसऱ्याच पानावर हातातून सुटलेला असतो. त्याला एक साधा प्रश्न पडलेला असतो आणि लेखकाला तो पडलेलाच नसतो: यांच्या टाकीत इंधन किती उरलंय?

हरवलेली बोट तरंगत राहू शकते, आगगाडी रुळावर थांबते. विमानाला थांबायची सोय नाही. काळाची उडी वाचक एकदा बिनतक्रार मान्य करतो, विज्ञानकथा वाचायला तो त्याच तयारीनं बसलेला असतो. पण पाच तास आकाशात घिरट्या घालणारं, कुठल्याही शेतात अलगद उतरणारं विमान तो मान्य करत नाही. म्हणून कथा बांधायचा माझा क्रम उलटा आहे. आधी इंधन, मग धावपट्टी, मग तारीख आणि काळाचं विज्ञान त्यानंतर. खाली एकच उदाहरण शेवटपर्यंत नेलं आहे. तुम्ही तुमचं विमान, तुमचा मार्ग आणि तुमची तारीख घ्या, पण हिशेब याच पद्धतीनं करा.

पायरी १: खरं विमान, खरा मार्ग

'एक मोठं जेट विमान' असं लिहून भागत नाही. प्रकार ठरवा. आपण एअरबस ए-३२० घेऊ. आखातातून मुंबईला येणारी कितीतरी विमानं याच जातीची असतात, आणि त्यांत रत्नागिरी-रायगडकडची माणसं हमखास असतात, त्यामुळे पात्रं शोधायला लांब जावं लागत नाही. कंपनीचं नाव काल्पनिक ठेवा.

दुबई ते मुंबई अंतर साधारण १,९०० किलोमीटर, वेळ पावणेतीन-तीन तास. ए-३२० सरळ उडताना ताशी साधारण अडीच टन इंधन जाळतं. मुंबईपर्यंतचं इंधन, त्यावर थोडं जादा, मुंबईत उतरता आलं नाही तर अहमदाबाद गाठण्यापुरतं आणि त्याहीवर अर्धा तास घिरट्या घालण्यापुरतं, अशा हिशेबानं टाकी भरलेली असते. अरबी समुद्राच्या मध्यावर काळ बदलला असं धरलं, तर त्या क्षणी टाकीत सहा-साडेसहा टन असेल. म्हणजे जेमतेम अडीच तास.

हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. कथेतला प्रत्येक प्रसंग या अडीच तासांतून वजा होणार आहे. कॅप्टननं वीस मिनिटं विचारात घालवली की वीस मिनिटं गेली. कमी उंचीवर उतरून किनारा न्याहाळला तर त्याहून जास्त गेली, कारण जेट इंजिन खालच्या दाट हवेत तेवढ्याच अंतराला बरंच जास्त इंधन पितं.

इथेच दोन गोष्टी टाळायला सांगतो. न्यूयॉर्कहून १९५५ साली निघालेलं विमान काही दशकांनी कराकसला उतरलं, ही व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी 'सत्यकथा' पुन्हा लिहू नका. ती १९८५ मध्ये एका अमेरिकन टॅब्लॉइडनं छापलेली थाप आहे, आणि ती वाचकाच्या ओळखीची झाली आहे. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ८ मार्च २०१४ रोजी २३९ माणसांसह नाहीसं झालेलं मलेशियन विमान, किंवा असा कुठलाही खरा अपघात, 'ते तर काळात हरवले' म्हणून वापरू नका. त्यांची माणसं आजही वाट बघताहेत. आपल्या कथेला त्यांच्या दुःखाची गरज नाही.

पायरी २: उतरायला जागा असलेला काळ निवडा

डायनासोरच्या काळात धावपट्टी नाही. शिवकाळातही नाही. तिथे पोचलेल्या विमानाची कथा समुद्रात किंवा माळरानावर आपटून संपते, मग उरते ती वाचलेल्यांची जगण्याची गोष्ट. ती चांगली होऊ शकते, पण ती विमानाची कथा राहत नाही. पहिल्या प्रयत्नासाठी असा काळ घ्या की जिथे विमानतळ आहेत, रेडिओ आहे, पण जेट विमान सामान्य माणसानं कधी पाहिलेलं नाही. १९३२ ते १९४५ हा पट्टा यासाठी फार सोयीचा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, तेव्हापासून मुंबईच्या आकाशात नियमित विमानं आहेत. पहिलं जेट विमान जर्मनीत ऑगस्ट १९३९ मध्ये उडालं, पण मुंबईकरांना त्याचा पत्ता असायचं कारण नव्हतं.

तारीख निवडताना एक प्रश्न विचारा. त्या दिवशी असं काय घडणार होतं, जे प्रवाशांना माहीत आहे आणि खालच्या माणसांना नाही? आपण घेऊ शुक्रवार, १४ एप्रिल १९४४. १४ एप्रिल म्हटलं की मराठी माणसाला आधी बाबासाहेबांची जयंती आठवते. १९४४ साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज उभं होतं. १२ एप्रिलला ते बंदरात आलं होतं. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं, कराचीहून घेतलेला कापूस आणि सोन्याच्या विटा. दुपारी कापसानं पेट घेतला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. शिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. आग विझवायला गेलेले ६६ अग्निशामक मरण पावले. देशभरात १४ एप्रिलपासून जो अग्निशमन सप्ताह पाळतात तो त्यांच्या स्मरणार्थ.

आता ही माहिती विमानात कुणाकडे आहे? इंटरनेट नाही, शोधून काढणं शक्य नाही. नवे लेखक इथे इतिहासाचा प्राध्यापक बसवतात. तो नको, तो भाषण देतो. मुलाकडे दुबईला महिनाभर राहून परतणारा मुंबई अग्निशमन दलातला एक निवृत्त माणूस सीट २३-सी वर बसवा. भायखळ्याच्या मुख्यालयात त्यानं नोकरीभर दर १४ एप्रिलला सावधान उभं राहून मानवंदना दिली आहे. त्याला ४ वाजून ६ मिनिटं पाठ आहेत, जहाजाचं नाव पाठ आहे. आणि त्याच्या दृष्टीनं ही ६६ माणसं त्याच्या खात्यातली आहेत. माहिती अशा माणसात ठेवा ज्याला ती सहन होत नाही.

पायरी ३: काळाचा नियम एका वाक्यात लिहा

थोडं विज्ञान लागेल, पण थोडंच. काळ सगळीकडे एकाच गतीनं चालत नाही, हे प्रवासी विमानांतूनच तपासलं गेलं आहे. ऑक्टोबर १९७१ मध्ये हाफेले आणि कीटिंग या शास्त्रज्ञांनी सीझियमची आण्विक घड्याळं घेऊन नेहमीच्या प्रवासी विमानांतून पृथ्वीप्रदक्षिणा केली, एकदा पूर्वेकडे आणि एकदा पश्चिमेकडे. पूर्वेकडे गेलेली घड्याळं जमिनीवरच्या घड्याळाच्या सुमारे ५९ नॅनोसेकंद मागे पडली, पश्चिमेकडे गेलेली सुमारे २७३ नॅनोसेकंद पुढे गेली. आइन्स्टाइनच्या समीकरणांनी जे सांगितलं होतं, तसंच. विमानात बसणारा प्रत्येक जण काळात किंचित सरकतोच, हे वाक्य तुमच्या कथेत कुणाच्या तरी तोंडी जरूर घाला. ते खरं आहे आणि कथेचा पाया त्यावर उभा राहतो.

मागे जाणं मात्र वेगळं. गणितज्ञ गोडेल यांनी १९४९ मध्ये सापेक्षतेच्या समीकरणांचं असं एक उत्तर मांडलं की ज्यात भूतकाळात परतणारी वाट निघते. १९८८ मध्ये किप थॉर्न आणि सहकाऱ्यांनी कृष्णविवरांच्या भावंडांवर, म्हणजे अवकाशातल्या बोगद्यांवर, याच अंगानं लिहिलं. प्रत्यक्षात असं काही सापडलेलं नाही. त्यामुळे कथेत यंत्रणा समजावत बसू नका. दोन ओळी पुरेत. नियम मात्र पक्का हवा, आणि पर्याय ढोबळमानानं तीन आहेत.

एक, इतिहास बदलता येतो. सगळ्यांत सोपा आणि सगळ्यांत फसवा, कारण आजोबा वाचले नाहीत तर नातू विमानात कसा, या प्रश्नाला उत्तर देता देता कथा दमते. दोन, फांद्या फुटतात: तुम्ही ढवळाढवळ केली की नवं जग सुरू होतं आणि जुनं तसंच राहतं. तीन, इतिहास एकच आहे. रशियन भौतिकशास्त्रज्ञ नोविकोव्ह यांच्या नावानं ओळखला जाणारा हा नियम सांगतो की जे घडलं ते तुमच्या येण्यासकट घडलेलं आहे.

मी तिसरा निवडायला सांगतो. पुष्कळांना वाटतं की मग कथेत उरलं काय, स्फोट तर होणारच. पण नीट बघा. नोंदी मेलेल्यांच्या असतात. ६६ हा आकडा पक्का आहे. त्या दुपारी गोदीतून कोण कोण वेळेत बाहेर पडलं, कुणाला कुणी 'इथून निघ' म्हणालं, कोण घरी लवकर गेला, याची यादी कुणीही केलेली नाही. तुमच्या निवृत्त अग्निशामकाला तेवढी जागा मोकळी आहे, आणि ती अख्ख्या कथेला पुरते. तो ६६ चे ६५ करू शकत नाही. पण ज्या हमालाचं, ज्या कारकुनाचं नाव कुठल्याच यादीत नाही, तो का वाचला याचं उत्तर तो असू शकतो.

मग एवढं मोठं विमान आलं आणि त्याची नोंद कशी नाही? याचंही उत्तर इतिहासातच आहे. युद्धकाळ होता. खुद्द स्फोटाची बातमी ब्रिटिश सरकारनं दाबून धरली होती. जपानच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओनं ती दुसऱ्याच दिवशी सांगितली, भारतातल्या वार्ताहरांना सविस्तर बातम्या धाडायची परवानगी मिळाली ती मे महिन्यात. बंदर उडाल्याची बातमी जिथे महिनाभर अडवली गेली, तिथे एक परकं विमान फायलीत गडप होणं सहज पटतं.

पायरी ४: कॉकपिटमधली पहिली दहा मिनिटं

कथेचा जीव इथे आहे, म्हणून या पायरीवर सगळ्यांत जास्त वेळ घालवा. वैमानिक 'आपण भूतकाळात आलो' असं पहिल्या क्षणी कधीच म्हणणार नाही. त्याला शिकवलेला क्रम पक्का असतो: आधी विमान उडतं ठेव, मग कुठे आहेस ते बघ, मग बोल. बिघाड दिसला की तो बिघाडाचीच यादी चाळतो. वाचकाला सगळं आधी कळलेलं असतं आणि वैमानिक एकेक शक्यता खोडत तिथवर येतो. या अंतरातच ताण तयार होतो.

काय बंद पडेल? जीपीएस. पहिला जीपीएस उपग्रह १९७८ मध्ये सोडला गेला, त्याआधी वर आकाशात काहीच नाही. ए-३२० च्या पडद्यावर 'जीपीएस प्रायमरी लॉस्ट' असा संदेश येईल. पण विमान आंधळं होत नाही, कारण त्याच्या पोटात लेझर जायरोवर चालणारी स्वयंपूर्ण दिशादर्शक यंत्रणा असते. ती बाहेरच्या कशावरही अवलंबून नसते, फक्त तासागणिक मैल-दोन मैल चुकत जाते. उपग्रहावरचा संपर्क गेला. कंपनीशी येणारे-जाणारे मजकुराचे संदेश गेले. आसपासची विमानं दाखवणारा पडदा रिकामा. व्हीएचएफवर शांतता. १२१.५ या आणीबाणीच्या फ्रिक्वेन्सीवरही कुणी नाही. वैमानिक ट्रान्सपाँडरवर, म्हणजे जमिनीवरच्या रडारला विमानाची ओळख सांगणाऱ्या यंत्रावर, ७६०० घालेल, म्हणजे 'माझा रेडिओ बिघडला आहे'. तो संकेत समजणारं यंत्र खाली कुठेच नाही.

काय चालू राहील? इंजिनं, पंखे, दिवे, हवेचा दाब, कॉफीचं मशीन. आणि एचएफ रेडिओ. अरबी समुद्रावरून येणारी विमानं मुंबईशी याच लघुलहरी रेडिओवर बोलतात, आणि १९४४ मध्ये लघुलहरी गजबजलेल्या होत्या. तारीख कळायचा रस्ता हाच. त्या दिवसांत कोहिमा-इंफाळकडे जपानी सैन्याशी लढाई चालू होती, तेव्हा बातम्यांत तीच असणार. प्रसंग साधारण असा लिहिता येईल:

तिसऱ्यांदा हाक मारून को-पायलटनं बटण सोडलं. कानात नुसती खरखर.

"मॅडम, दोन्ही सेट ठीक आहेत. टेस्ट ओके येतेय."

"मग पलीकडचे झोपलेत म्हणायचं का?" कॅप्टनची नजर इंधनाच्या आकड्यावरून हलली नाही. "फ्रिक्वेन्सी बदल. एएम वर टाक आणि शोध. बीबीसी, आकाशवाणी, काहीही लागू दे."

खरखर चढली, उतरली. मग एक पुरुषी आवाज, इंग्रजी, संथ, प्रत्येक शब्द वेगळा उच्चारणारा. कोहिमा. इंफाळचा रस्ता. शत्रूचा हल्ला परतवला.

"कुठलं तरी जुनं नाटक दिसतंय, मॅडम."

"असेल. पुढचं लाव."

पुढच्या स्टेशनवर हिंदुस्थानीत तेच. कोहिमा. त्याच्या पुढच्यावर जपानी. को-पायलटचा हात बटणावर तसाच राहिला.

"एवढ्या सगळ्यांनी एकाच वेळी नाटक लावलंय?" कॅप्टननं विचारलं, आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे वळून बघितलं.

इथे 'काळ', 'भूतकाळ' हे शब्द एकदाही आलेले नाहीत, ते मुद्दाम. तुमचं विमान १९४२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात पोचत असेल तर याहून मोठा खजिना आहे. उषा मेहता आणि सहकाऱ्यांचा भूमिगत काँग्रेस रेडिओ तेव्हा मुंबईतून ४२.३४ मीटरवर चालत होता. म्हणजे जवळपास ७ मेगाहर्ट्झ, आजच्या विमानाच्या एचएफ सेटच्या टप्प्यात.

रात्रीची कथा असेल तर आकाशही मदतीला येतं. गुरू, शनी, मंगळ यांच्या जागा आणि चंद्राची कला यांवरून जाणकार माणूस वर्ष काढू शकतो. स्टेलारियम हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, तारीख आणि ठिकाण घाला, आणि खिडकीतून काय दिसलं असतं ते बघूनच लिहा. उदाहरणार्थ, एप्रिल १९४४ ची पौर्णिमा ८ तारखेला होऊन गेली होती. १३ च्या रात्री दिवस मावळताच तुम्ही पूर्ण चंद्र उगवताना दाखवलात तर कुणी ना कुणी तुम्हाला पकडेलच.

उडीचा क्षण कसा रंगवायचा? वास्तवाजवळ राहा. २४ जून १९८२ रोजी ब्रिटिश एअरवेजचं ७४७ इंडोनेशियातल्या गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरलं, तेव्हा काचेवर निळसर-पांढरी ठिणगी नाचू लागली, इंजिनं आतून उजळली आणि एकामागून एक चारही बंद पडली. नंतर ती पुन्हा सुरू झाली आणि सगळे वाचले. त्या वेळी कॅप्टन एरिक मूडी यांनी प्रवाशांना छोटीशी अडचण आली आहे, चारही इंजिनं थांबली आहेत, ती सुरू करायचा आटोकाट प्रयत्न चालू आहे, अशा अर्थाची घोषणा केली. तुमच्या कॅप्टनची भाषा याच पट्टीत ठेवा. संकटात वैमानिकाचा आवाज चढत नाही.

पायरी ५: केबिन

१८० प्रवासी आहेत. त्यांतले पाच निवडा, बाकीचे गर्दी म्हणून राहू द्या. एक जण खिडकीशी हवा, एक केबिन क्रूमधली, एक लहान मूल, आणि आपला अग्निशामक. पाचवा तुमचा.

हवेत मोबाइलला तसंही नेटवर्क नसतं, त्यामुळे प्रवाशांना बराच वेळ काहीच कळणार नाही. घाबरगुंडी घाईनं उरकू नका.

पायरी ६: वळायचं कुठे

समुद्राच्या मध्यावरून कराची चारशे-साडेचारशे किलोमीटरवर आहे, मुंबई साडेनऊशेच्या आसपास. १९४४ चं कराची म्हणजे युद्धातला मोठा तळ, लांब धावपट्ट्या, आणि आर-१०१ या वायूवर तरंगणाऱ्या हवाई जहाजासाठी बांधलेलं प्रचंड हँगर, जे दुरूनही ओळखू येतं. शहाणा कॅप्टन कराचीकडे वळेल. २३-सी वरचा माणूस मुंबईला चला म्हणेल. इथे कथेला पहिल्यांदा खरा संघर्ष मिळतो, आणि तो कुठल्याही वादळापेक्षा मोठा आहे. १८० जीव एका बाजूला, गोदीतले दुसऱ्या बाजूला, आणि दोघंही बरोबर. कॅप्टनला मूर्ख किंवा निष्ठुर करू नका. तिला पटवायला पुरावा लागेल, आणि पुरावा मुंबईच्या आकाशातल्या धुराशिवाय मिळणार नाही.

मुंबईकडे आल्यावर काय दिसतं ते नकाशा घेऊन ठरवा. मरीन ड्राइव्हची कमान आहे, पण टोकाला नरिमन पॉइंटच्या इमारती नाहीत. माहीमच्या खाडीच्या तोंडाशी सी लिंक नाही. राजाबाई टॉवर उठून दिसतो. विहार आणि तुळशीचे तलाव जिथल्या तिथे, भोवती मात्र हिरवं रान. नजरेनं ओळखीची वस्तू शोधावी आणि तिथे पाणीच असावं, एवढं एक वाक्य पानभर वर्णनाचं काम करतं.

उतरणं हा वेगळा अभ्यास आहे. मार्गदर्शक किरण नाहीत, सगळं डोळ्यांनी. हवेचा दाब सांगणारं कुणी नाही, आणि तो नीट माहीत नसेल तर उंचीचा काटा शंभर-दीडशे फुटांनी सहज फसवतो. शेवटच्या अडीच हजार फुटांत रेडिओ अल्टिमीटर खरी उंची सांगतो, त्यावर विसंबावं लागेल. वर ताशी आठशेच्या पुढे जाणाऱ्या ए-३२० ला स्पिटफायर गाठू शकत नाही. पण उतरताना वेग ताशी अडीचशेवर येतो आणि मग कुठलंही लढाऊ विमान शेजारी येऊन उभं राहू शकतं. शत्रूचं समजून गोळी झाडणार की नाही, हे तुमच्यावर आहे.

सांताक्रूझचा तळ तेव्हा ब्रिटिश हवाई दलाकडे होता, जुहू त्याच्या अगदी जवळ. जुहूवर जेट उतरेल का, असं कुणी विचारलं तर उत्तर खऱ्या इतिहासात आहे. १९५३ मध्ये कॉमेट जातीचं एक प्रवासी जेट आणि सप्टेंबर १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सचं डीसी-८ सांताक्रूझ समजून चुकून जुहूला उतरलं होतं. कॉमेट काही दिवसांनी तिथूनच उडालं. डीसी-८ धावपट्टी ओलांडून पुढे गेलं आणि कायमचं निकामी झालं. दोन्ही शेवट तुम्हाला उपलब्ध आहेत.

पायरी ७: एक तासाचा घोळ

हा तपशील मला फार प्रिय आहे. युद्धकाळात, १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत, भारताचं सरकारी घड्याळ एक तास पुढे केलेलं होतं, म्हणजे ग्रिनिचच्या साडेसहा तास पुढे. तुमच्या वैमानिकांनी सूर्याच्या उंचीवरून किंवा रेडिओच्या वेळदर्शक ठोक्यांवरून ग्रिनिचची वेळ काढली, सवयीनं साडेपाच तास मिळवले, आणि अग्निशामकाच्या ४ वाजून ६ मिनिटांशी ताडून पाहिलं, तर त्यांना वाटेल दोन तास हातात आहेत. प्रत्यक्षात एकच असेल.

ही चूक कुणाच्या लक्षात कधी येते, यावर अख्खा शेवट फिरवता येतो. आणि ती मूर्खपणाची चूक नाही, कुणीही भला माणूस करेल अशी आहे. अशा खऱ्या, विसरल्या गेलेल्या गोष्टी जमवा. त्या कल्पनेतून सुचत नाहीत, जुनी वर्तमानपत्रं, गॅझेटियर, नकाशे चाळूनच हाती लागतात.

पायरी ८: जमिनीवरची माणसं

दार उघडलं, आता काय? खाली सैनिक आहेत. प्रवाशांकडे पासपोर्ट आहेत, त्यावर 'भारत गणराज्य' आणि सिंहमुद्रा. तो देश अजून जन्माला यायचा आहे. एखाद्या मराठी हवालदाराच्या हातात ते निळं पुस्तक द्या आणि त्याला ते वाचू द्या. स्वातंत्र्याच्या सव्वातीन वर्षं आधी, तुरुंग भरलेले असताना. या प्रसंगावर घाई करू नका, भाषणही करू नका. हवालदार ते पुस्तक गोऱ्या अधिकाऱ्याला देतो की खिशात घालतो, एवढंच दाखवा.

भाषा सांभाळा. १९४४ च्या मुंबईत पैशांचा हिशेब आणे-पैत चालतो, बोरीबंदर आहे, ट्राम आहे, तार येते. अनोळखी वडीलधाऱ्याला लोक 'अहो' म्हणतात, 'सर' म्हणत नाहीत. तुमच्या प्रवाशांच्या तोंडचा 'ओके' आणि 'सॉरी' खालच्यांना खटकेल.

पायरी ९: परत जायचं की नाही

पहिली ओळ लिहायच्या आधी हे ठरवा. परतायचं असेल तर इंधन हवं. जेट इंजिन रॉकेलवर चालू शकतं, ही जमेची बाजू. आठ टन रॉकेल म्हणजे सुमारे दहा हजार लिटर, अठरा लिटरच्या डब्यांत मोजलं तर साडेपाचशेवर डबे. आणि १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानकडे गेल्यावर तिथून येणारं रॉकेल बंद झालं होतं, घरोघरी दिव्याला मिळायची मारामार. साडेपाचशे डबे म्हणजे कितीतरी घरांचा अंधार. ते कोण देईल, कुणाला सांगून, कशाच्या बदल्यात?

न परतणारी कथा मला जास्त आवडते, पण ती नव्या लेखकाला अवघड जाते, कारण मग १८० माणसांच्या पुढच्या आयुष्याचा विचार करावा लागतो. पहिल्या कथेत मोजक्या पाच जणांचा केलात तरी पुरे.

पायरी १०: लिहून झाल्यावर

एकदा मोठ्यानं वाचा. मग फक्त वेळा आणि इंधनाचे आकडे बाजूला काढून बेरीज-वजाबाकी करा. ओळखीतलं कुणी विमानाच्या देखभालीत, एटीसीत (हवाई वाहतूक नियंत्रणात) किंवा कॉकपिटमध्ये असेल तर चौथी आणि सहावी पायरी त्यांना वाचायला द्या. त्यांनी चूक दाखवली तर वाद घालू नका, बदला. गोदीच्या बाबतीत एखाद्या निवृत्त अग्निशामकाला भेटा, तो तुम्हाला कुठल्याही पुस्तकात नसलेलं काहीतरी सांगेल.

लांबी तीन ते चार हजार शब्दांच्या आत ठेवा. मराठी विज्ञान परिषद विज्ञानरंजन कथास्पर्धा घेते, तिचे त्या वर्षीचे नियम आधी वाचा आणि शब्दमर्यादेत बसवूनच पाठवा. दिवाळी अंकांसाठी गणपतीची वाट बघू नका, बरेचसे संपादक त्याच्या कितीतरी आधी मजकूर ठरवून मोकळे झालेले असतात. पावसाळा सुरू होताच कथा त्यांच्याकडे गेलेली असावी. सोबत चार ओळींचं पत्र जोडा, त्यात कथेतल्या कोणत्या गोष्टी खऱ्या आहेत आणि कोणत्या तुमच्या कल्पनेच्या, ते सांगा.